सुतार, की सुताराचा पोरगा?



रात्रपाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर आमच्या दोघा मित्रांची जुंपली. एक म्हणाला, येशू वगैरे कोणी झालाच नाही, सगळं पाद्र्यांनी रचलेलं. दुसरा म्हणाला, बायबलातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. आवाज चढले, चहा निवला. मी मधे पडून विचारलं, बाबांनो, शुभवर्तमानं वाचलीत का? पहिला म्हणाला, नाही. दुसरा जरा थांबून म्हणाला, तशी सलग नाही.

खरं सांगायचं तर मीही वाचली नव्हती. मग वाचायला घेतली. शाळा माझी नववीतच सुटली. ग्रीक येत नाही, इंग्रजी अडखळत येतं. पण एक गोष्ट केली. चारही शुभवर्तमानं एकामागून एक वाचली नाहीत, शेजारी शेजारी ठेवून वाचली. तोच प्रसंग मार्क काय सांगतो, मत्तय काय सांगतो, लूक काय, योहान काय. जोडीला इतिहासकारांनी लिहिलेलं हाताला लागलं तेवढं वाचलं. तेव्हा एका शब्दापाशी मी अडकलो तो अडकलोच.

मार्कच्या सहाव्या अध्यायात येशू आपल्या गावी, नासरेथला परत येतो. सभास्थानात बोलायला उभा राहतो. गावकरी आपसात कुजबुजतात. याला ही अक्कल आली कुठून? हा तर आपल्या इथला सुतार, मरियेचा मुलगा, याचे भाऊ-बहिणी आपल्यातच राहतात. म्हणजे ते त्याला त्याच्या धंद्यावरून ओळखतात, आणि धंद्यावरूनच त्याची पायरी दाखवतात. काल हातात रंधा होता, आज आम्हाला शिकवतो काय!

हाच प्रसंग मत्तयमध्ये काढा. तेरावा अध्याय. तेच गाव, तीच कुजबुज. पण आता तो सुतार राहिलेला नाही. तो सुताराचा मुलगा झालाय. धंदा एक पिढी मागे सरकवला. आता लूक घ्या, चौथा अध्याय. तिथे तो योसेफाचा मुलगा. सुतार हा शब्दच गायब. योहानमध्येही तेच, योसेफाचा मुलगा.

आता यात काय मोठं, असं कोणी म्हणेल. थांबा. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाचा एक विद्वान झाला. त्याने ख्रिस्ती लोकांवर झोड उठवणारं पुस्तक लिहिलं. त्यात तुमचा देव म्हणजे एक सुतार, अशी टवाळी आहे. सेल्ससचं पुस्तक आज शिल्लक नाही. आपल्याकडे चार्वाकाचं जे झालं तेच त्याचं झालं, विरोधकांनी खोडून काढताना जेवढं लिहून ठेवलं तेवढंच उरलं. त्याला उत्तर दिलं ओरिजेनने, साधारण इ.स. २४८ साली. ओरिजेन म्हणजे त्या काळातला ख्रिस्ती पंथाचा सगळ्यात मोठा पंडित, बायबल तोंडपाठ असलेला माणूस. तो काय उत्तर देतो? हातकाम करणं ही लाज नाही, असं तो म्हणू शकला असता. ते म्हणत नाही. तो म्हणतो, आमच्या मंडळ्यांत चालणाऱ्या कुठल्याच शुभवर्तमानात येशूला स्वतःला सुतार म्हटलेलं नाही!

एवढा पंडित मार्कमधला शब्द विसरला असेल का? असेलही. पण दुसरी शक्यता अशी की त्याच्या हातातल्या मार्कच्या प्रतीत तो शब्द बदललेला होता. कारण मार्कच्या काही जुन्या हस्तलिखितांत खरोखरच 'सुतार' नाही, 'सुताराचा मुलगा' आहे. म्हणजे नकलाकाराने मत्तयचं वाक्य मार्कमध्ये नेऊन बसवलं. दुसऱ्या बाजूने पाहा, ओरिजेनच्या शंभरेक वर्षं आधी जस्टिन नावाचा ख्रिस्ती लेखक बिनदिक्कत लिहून गेलाय की येशू सुतारकी करायचा, नांगर आणि जू बनवायचा. म्हणजे आठवण होती. ती पुसायचं काम सुरू होतं, पण पूर्ण जमलं नाही.

मूळ ग्रीक शब्द आहे 'टेक्टॉन'. लाकूडकाम, बांधकाम करणारा कारागीर. मराठी बायबलात त्याचं 'सुतार' झालं ते ठीकच आहे. पण सुतार म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे गावगाड्यातला बलुतेदार उभा राहतो. गालीलमध्ये गावगाडा नव्हता, बलुतं नव्हतं. तेवढं चित्र डोक्यातून काढून टाका. राहतं ते एवढंच: जमीन नसलेला, हातावर पोट असलेला माणूस.

आता मुळाशी जाऊ. ही पुस्तकं लिहिली कोणी, कधी?

येशूने स्वतः एक ओळ लिहून ठेवलेली नाही. तो अरामी भाषा बोलायचा. त्याच्याबद्दलचं सगळं जुनं लिखाण ग्रीकमध्ये आहे. म्हणजे आपण वाचतो ते मुळातच भाषांतर, कुठे कुठे दोन-चार अरामी शब्द तेवढे दगडात अडकलेल्या शिंपल्यासारखे राहिलेत. त्याला रोमच्या सुभेदाराने क्रुसावर मारलं ते साधारण इ.स. ३० च्या सुमाराला. सगळ्यात जुनं लिखाण पौलाची पत्रं, साधारण इ.स. ५० ते ६० मधली. पौलाच्या नावावर तेरा पत्रं आहेत, त्यांतली सात निर्विवाद त्याची असं बहुतेक अभ्यासक मानतात. पौलाने येशूला हयातीत पाहिलेलं नाही. त्याच्या पत्रांत येशूचं आयुष्य जवळजवळ नाहीच. बाईच्या पोटी जन्मला, भाऊ होते, शेवटचं जेवण झालं, क्रुसावर मेला, पुन्हा दिसला. गाव नाही, दाखले नाहीत, सुतारकी नाही.

मग मार्क, इ.स. ७० च्या आगेमागे. मत्तय आणि लूक त्यानंतर दहा-वीस वर्षांनी. योहान शतकाच्या शेवटी. ही नावंसुद्धा नंतर चिकटवलेली. मजकुरात लेखक स्वतःचं नाव सांगत नाही. चारही नावं एकत्र आणि ठामपणे सांगणारा पहिला माणूस इरेनियस, साधारण इ.स. १८० मधला. शुभवर्तमानं चारच का, याचं कारण तो काय देतो? वारे चार दिशांचे असतात म्हणून! लूक मात्र प्रामाणिक. तो सुरुवातीलाच कबूल करतो की डोळ्यांनी पाहणारे वेगळे होते, त्यांच्याकडून आलेलं आपण नीट लावून लिहितोय.

येशूचे सोबती होते मासे धरणारे, जकात गोळा करणारे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पेत्र आणि योहान निरक्षर असल्याचं स्पष्ट म्हटलंय. त्या काळच्या रोमन जगात लिहिता-वाचता येणारे शंभरात दहा-पंधराच्या वर नसावेत, असा हिशेब हॅरिस नावाच्या इतिहासकाराने १९८९ साली मांडला. गालीलच्या खेड्यात त्याहूनही कमी असणार. म्हणजे पाहिलं अडाण्यांनी, लिहिलं शिकलेल्यांनी. पाहिलं खेड्यात, लिहिलं शहरात. मधे चाळीस वर्षं तोंडी.

चाळीस वर्षं तोंडी राहिलेल्या गोष्टीचं काय होतं, हे आपल्याला पुस्तकातून शिकायला नको. आमच्या खात्यात मी जन्मायच्या आधी एकाचा हात मशीनच्या पट्ट्यात गेला. जुने कामगार अजून सांगतात. एक म्हणतो दिवसपाळी होती, दुसरा म्हणतो रात्रपाळी. एक उजवा हात सांगतो, एक डावा. जॉबर काय बोलला ते तर ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळं, आणि दर वर्षी त्यात एखादी शिवी वाढते. पण हात गेला आणि भरपाई मिळाली नाही, यात कोणाचं दुमत नाही. कागदावर काय आहे? कामगाराचा निष्काळजीपणा. आता मला सांगा, तोंडी गोष्टीत तफावत आहे म्हणून ती खोटी आणि कागद एकसारखा आहे म्हणून तो खरा, असं कोणी म्हटलं तर आपण त्याला काय म्हणू?

म्हणून टपरीवरच्या पहिल्या मित्राला मी सांगतो, तफावत दाखवली म्हणजे माणूस झालाच नाही असं होत नाही. आणि दुसऱ्याला सांगतो, तफावत आहे ती झाकू नकोस.

कारण तफावत चिक्कार आहे. जन्माचंच घ्या. मत्तय म्हणतो हेरोद राजाच्या वेळी जन्मला. हेरोद मेला इ.स.पू. ४ मध्ये. लूक म्हणतो क्विरिनियसच्या शिरगणतीच्या वेळी. ती झाली इ.स. ६ मध्ये. दोन्हींत किमान नऊ-दहा वर्षांचं अंतर. मत्तयच्या गोष्टीत आईबापांचं घर बेथलेहेमलाच आहे, मग ते इजिप्तला पळतात, मग नासरेथला जाऊन राहतात. लूकच्या गोष्टीत ते नासरेथचेच, शिरगणतीसाठी बेथलेहेमला जातात, कारण म्हणे प्रत्येकाने आपल्या पूर्वजांच्या गावी जाऊन नाव लावायचं. अशी शिरगणती रोमने केल्याचं कुठे दिसत नाही. कर गोळा करणारं सरकार माणूस जिथे राहतो, जिथे त्याची मालमत्ता आहे तिथेच त्याला मोजणार. आणि त्या वेळी गालील होतं हेरोद अंतिपाच्या ताब्यात, क्विरिनियसच्या शिरगणतीशी नासरेथच्या माणसाचा संबंधच नव्हता.

मग दोघांचा एवढा आटापिटा कशासाठी? बेथलेहेमसाठी. मसीहा दावीद राजाच्या गावी जन्मणार असं जुन्या ग्रंथात होतं. आणि हा निघाला नासरेथचा. कुठलं नासरेथ? यहुदी धर्मग्रंथात त्या गावाचं नावसुद्धा नाही. गोष्ट शून्यातून रचायची असती तर त्याला सरळ बेथलेहेमचा करून टाकला असता. नासरेथ हा गळ्यात अडकलेला काटा होता, गिळताही येईना, काढताही येईना. म्हणून मी म्हणतो, जन्माच्या दोन्ही गोष्टी इतिहास नाहीत, पण नासरेथ इतिहास आहे. त्या दोन गोष्टीच त्याचा पुरावा आहेत.

बाप्तिस्म्याचंही असंच. येशूने योहान नावाच्या दुसऱ्याच गुरूकडून यार्देन नदीत बाप्तिस्मा घेतला. पापं धुण्याचा बाप्तिस्मा! चेला तो, गुरू हा. मार्क सरळ सांगून मोकळा होतो. मत्तयमध्ये योहान आधी नको नको म्हणतो, मीच तुझ्याकडून घ्यायला हवा म्हणतो. लूक योहानाला आधी तुरुंगात घालतो आणि मग बाप्तिस्म्याचा उल्लेख करतो, कोणी दिला ते सांगतच नाही. चौथ्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा झाल्याचंच सांगितलेलं नाही. एवढी लपवालपवी रचलेल्या गोष्टीसाठी कोण करेल?

आता ती मला सर्वांत जास्त झोंबलेली जागा. लूकच्या सहाव्या अध्यायात येशू गरिबांना धन्य म्हणतो. भुकेलेल्यांना धन्य म्हणतो. आणि लगेच खाली श्रीमंतांना, पोट भरलेल्यांना शाप देतो. मत्तयच्या पाचव्या अध्यायात तेच बोल आहेत, पण धन्य कोण? आत्म्याने दीन असलेले. भूक कसली? नीतिमत्त्वाची. शाप? नाहीत. बहुतेक अभ्यासकांचं मत असं की इथे लूककडचं रूप जुनं आहे. मत्तयच्या मंडळीत काही बऱ्या घरचे लोक आले असावेत, त्यांचीही सोय करायला हवी होती. आत्म्याने दीन व्हायला घरातलं धान्य कमी करावं लागत नाही.

पण लूकलाही डोक्यावर घेऊ नका. त्यानेच सुतार खोडला, हे विसरू नका. एका जागी आपल्याला पटणारं लिहिलं म्हणून तो सगळीकडे खरा ठरत नाही.

यापुढचा बदल मात्र नुसता शब्दाचा नाही, त्यात पुढे माणसं मेलीत. येशूला मारलं कोणी? क्रुसाची शिक्षा रोमची. गुलाम, बंडखोर, परकी प्रजा यांच्यासाठी राखून ठेवलेली. स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर इ.स.पू. ७१ मध्ये सहा हजार गुलामांना रोमकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने क्रुसावर टांगलं होतं. हेरोद मेल्यावर यहुद्यांनी उठाव केला तेव्हा वारुस नावाच्या रोमन सुभेदाराने दोन हजारांना टांगलं. रोमन नागरिकाला, त्यातून खानदानी माणसाला, ही शिक्षा सहसा होत नसे. येशूच्या क्रुसावर आरोपाची पाटी होती ती यहुद्यांचा राजा म्हणून. म्हणजे राजद्रोह. हुकूम पिलाताचा. तो यहूदीयाचा सुभेदार होता इ.स. २६ ते ३६. १९६१ साली कैसरियात त्याच्या नावाचा शिलालेखच सापडला.

हा पिलात कसा होता? त्याच काळातला यहुदी तत्त्वज्ञ फिलो सांगतो की तो लाचखाऊ, क्रूर आणि खटल्याशिवाय माणसं मारणारा होता. शोमरोनी लोकांची कत्तल केली म्हणून शेवटी इ.स. ३६ मध्ये रोमला त्याला काढावं लागलं. आता शुभवर्तमानांतला पिलात पाहा. मार्कमध्ये तो जमावाला खूश करायला हुकूम देतो. मत्तयमध्ये त्याची बायको स्वप्न पाहते, तो पाणी मागवून हात धुतो, आणि सगळा जमाव ते रक्त आपल्या आणि आपल्या पोराबाळांच्या माथी घेतो. लूकमध्ये तो तीन तीनदा निर्दोष म्हणतो. योहानमध्ये तो आत-बाहेर येरझाऱ्या घालणारा बिचारा माणूस. पुस्तकागणिक सुभेदार धुतला जातोय आणि दोष रयतेवर सरकतोय. पुढे इथिओपियाच्या चर्चने तर पिलाताला संत केला!

कारण उघड आहे. इ.स. ६६ ला यहुद्यांनी रोमविरुद्ध बंड केलं, ७० मध्ये रोमने यरुशलेम आणि तिथलं मंदिर जाळून टाकलं. शुभवर्तमानं लिहिली गेली ती या आगीच्या उजेडात. रोमच्याच राज्यात राहायचं, रोमच्याच शहरांत पंथ वाढवायचा, आणि आपला गुरू रोमने राजद्रोही म्हणून मारलेला! मग सांगायचं काय? सुभेदाराची चूक नव्हती हो, त्याच्या मनात नव्हतं. भ्यालेल्या माणसांचं लिखाण आहे ते, आणि ती भीती मला समजते. मालकाच्या माणसासमोर जबानी देताना आपले लोकही कुणाकडे बोट दाखवतात ते मी पाहिलंय. पण मत्तयने त्या एका वाक्यात पोराबाळांना गोवलं, आणि युरोपात पुढे कित्येक शतकं यहुद्यांच्या वस्त्या जाळताना ते वाक्य वापरलं गेलं. कॅथलिक चर्चने हा सरसकट आरोप अधिकृतपणे बाजूला ठेवला तो १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. गॅसच्या भट्ट्या विझून वीस वर्षं झाली होती.

मूळ प्रती कुठे आहेत, असं कोणी विचारेल. कुठेच नाहीत. नकलेची नक्कल, तिची नक्कल. मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयात तळहाताहून लहान पपायरसचा एक तुकडा आहे, दुसऱ्या शतकातला मानतात, त्यावर योहानमधल्या काही ओळी आहेत, नेमक्या पिलातापुढच्या चौकशीतल्या. अख्खा नवा करार असलेली सर्वांत जुनी प्रत चौथ्या शतकातली, सिनाईच्या मठात सापडलेली. तिच्यात मार्कचा आज छापला जाणारा शेवट नाही. रिकामी कबर पाहून बाया भीतीने पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत, तिथेच मार्क संपतो. हा शेवट लोकांना सोसवला नाही, म्हणून नंतर बारा वचनं जोडली. व्यभिचाराच्या आरोपाखाली धरलेल्या बाईची ती प्रसिद्ध गोष्टसुद्धा योहानच्या जुन्या प्रतींत नाही. स्टेन्सिलवर मजकूर उतरवणाऱ्याला विचारा, ओळ कशी गळते आणि आपल्या मनातला शब्द कसा नकळत घुसतो ते. आपल्या मराठीतलंच पाहा ना, फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोलला छापलं, पुन्हा १६४९ आणि १६५४ ला छापलं, तरी त्या छापील प्रतींपैकी एकही आज हाती नाही. हाताने उतरवलेल्या नकलांवर ते जगलं.

बाहेरचे साक्षीदार थोडे आहेत, पण आहेत. यहुदी इतिहासकार जोसेफस इ.स. ९३ च्या सुमारास लिहितो. येशूबद्दलचा त्याचा एक परिच्छेद मागाहून ख्रिस्ती हातांनी फुगवलेला आहे, हे वाचताच कळतं. ज्या माणसाने येशूला मसीहा मानलंच नाही त्याच्या तोंडी तसं घातलंय. पण पुढे एका जागी तो सहज जाता जाता लिहितो की ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूच्या भावाला, याकोबाला, महायाजकाने दगडांनी मारवलं. ते साल इ.स. ६२. आणि पौल आपल्या गलतीकरांस पत्रात सांगतो की या याकोबाला मी यरुशलेमात भेटलो. झालाच नाही अशा माणसाचा सख्खा भाऊ भेटत नसतो. रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. ११६ च्या सुमारास, नीरोच्या वेळच्या रोमच्या आगीबद्दल लिहिताना, ख्रिस्ताला तिबेरियसच्या राज्यात पिलाताने ठार केल्याचं सांगतो. त्याला या पंथाची किळस आहे, हे तो लपवत नाही.

प्लिनी नावाच्या रोमन सुभेदाराचं एक पत्र आहे, साधारण इ.स. ११२ मधलं. ख्रिस्ती लोक नेमकं करतात काय, हे काढून घ्यायला त्याने दोन बायांचे हाल केले. त्या पंथात सेविका म्हणून मानाच्या जागी होत्या. आणि होत्या गुलाम. हे तो एका ओळीत लिहून पुढे जातो. नावं लिहिलेली नाहीत. येशू काय बोलला यावर शंभर पुस्तकं आहेत, पण त्याचं बोलणं ऐकून कोण कोण उभं राहिलं, हे मला त्या एका ओळीत जास्त दिसलं.

आता माझ्यावरच उलटणारी गोष्ट. १८३५ साली डेव्हिड स्ट्राउस नावाच्या जर्मन तरुणाने येशूचरित्राची चिरफाड करणारं पुस्तक लिहिलं, त्यात त्याची नोकरी गेली. त्यानंतर युरोपात येशूच्या चरित्रांचा पूर आला. १९०६ साली अल्बर्ट श्वाइत्झरने ती सगळी चरित्रं तपासली आणि दाखवून दिलं की प्रत्येक लेखकाला येशूत स्वतःचाच चेहरा दिसलाय. उदारमतवाद्याला उदारमतवादी, कवीला कवी. मी गिरणी कामगार. मला कोण दिसला? सुतार. श्वाइत्झर हसला असता.

म्हणून मी स्वतःला तपासलं. नासरेथपासून दीड-दोन तासांच्या चालीवर सेप्फोरिस नावाचं शहर त्या वेळी नव्याने बांधलं जात होतं. येशू तिथे रोजंदारीवर जात असेल असं बरेच जण लिहितात. वाचताना माझं मन भरून आलं. पण पुरावा? काही नाही. शुभवर्तमानांत त्या शहराचं नावही नाही. म्हणून ते चित्र मी खाली ठेवलं. सुतार हा शब्द मात्र ठेवतो. मला आवडतो म्हणून नाही, तर ज्यांना तो नकोसा होता त्यांच्याही हातून तो पुरता पुसला गेला नाही म्हणून.

जोतीरावांनी 'गुलामगिरी'त, १८७३ साली, येशूला बळीराजाच्या रांगेत बसवलं. तो इतिहासाचा दाखला नव्हता, ते नातं जोडणं होतं, आणि त्यांना तो हक्क होता. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये लिहिलंय की ख्रिस्ताने स्वतःला ईश्वराचा पुत्र म्हणवलं, बुद्धाने स्वतःसाठी अशी जागा मागितली नाही. आपल्यातले कित्येक जण हे वाक्य वादात फेकतात. मी शुभवर्तमानं उघडून पाहिलं. योहानमध्ये येशू पानोपानी स्वतःबद्दल बोलतो. मार्कमध्ये तो बऱ्या केलेल्यांना, शिष्यांनाही गप्प राहा म्हणतो, आणि महायाजकापुढच्या चौकशीत एकदाच हो म्हणतो. बाबासाहेबांची तुलना धर्म म्हणून उभ्या राहिलेल्या ख्रिस्ताशी होती, आणि तो ख्रिस्त तसं म्हणतोच. पण त्यामागच्या नासरेथच्या माणसाचा दावा तोच होता असं आपण त्या वाक्यावरून म्हणू लागलो, तर चुकतो. त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धाचे शब्द चुकीचे पोचवले गेल्याचे पाच प्रसंग दिलेत, तेही त्रिपिटकातूनच काढून. ती पानं आपण कमी वाचतो.

शेवटी एक हाड. १९६८ साली यरुशलेमच्या उत्तरेला बांधकामात जुन्या कबरी निघाल्या. एका दगडी पेटीत पहिल्या शतकातल्या एका तरुणाची हाडं होती, पेटीवर नाव कोरलेलं, येहोहानान. त्याच्या टाचेच्या हाडात लोखंडी खिळा आरपार गेलेला, टोकाला लाकडाचे कण. रोमने त्या मुलुखात हजारो माणसं क्रुसावर मारली, आणि खिळ्यासकट हाड मिळालं ते तिथे हे एकच. तेही मिळालं कारण खिळ्याचं टोक वाकलं होतं. लाकडातल्या गाठीवर बसलं असावं, असं म्हणतात. सरळ गेला असता तर शिपायांनी तो उपटून पुढच्या माणसासाठी वापरला असता. वाकला म्हणून निघाला नाही, घरच्यांनी तसाच पुरला.